भिकुबाईची ऐकणारी सून

दिपमाला ऐकते फार, हीच भिकुबाईची तिच्याबद्दलची तक्रार होती.

पारोळ्यात कुठल्याही ओट्यावर जाऊन बसा, सासवांचं रडगाणं एकच: सून ऐकत नाही. भिकुबाईच्या घरचं सगळं उलटं. तिची सून नाशिकला जाऊन ऐकायला शिकून आली होती. कुठल्याशा हॉटेलच्या गार हॉलमध्ये टाय लावलेल्या एका माणसाने धंदेवाल्यांच्या लेकीसुनांना कामावरच्या माणसांचं कसं ऐकायचं ते शिकवलं होतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. मान हलवायची. आणि त्याचं बोलून झालं की त्याचंच बोलणं त्याला परत म्हणून दाखवायचं, म्हणजे त्याची खात्री पटते. देवाने कान फुकट दिलेत, त्याचीही शिकवणी निघाली, असं भिकुबाई तेव्हाच म्हणाली होती. पण तेव्हा तिला पुढचं माहीत नव्हतं.

"आई, ताट तसंच का?"

"आमटीत मीठ फार झालंय."

दिपमालाने खुर्ची ओढली, समोर बसली, मान जरा कलती केली आणि सासूच्या डोळ्यांत बघितलं. "म्हणजे आई, तुमचं म्हणणं असं, की आमटी खारट झाली म्हणून तुम्हाला जेवण गेलं नाही."

"मग मी आत्ता काय कानडीत बोलले का? पोपट पाळला असता तर त्याने निदान मिरची मागून खाल्ली असती."

दिपमालाने मान हलवली. "तुम्हाला राग आलाय, असं मला जाणवतंय."

भिकुबाईने ताट सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर समाधानच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, वडिलांचा फोटो होता. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे, ते गेल्यावरही नाही. "ऐकलं का हो," ती फोटोला म्हणाली, "हिला जाणवलं म्हणे."

भिकुबाईला सही येत होती, तेवढीच काय ती शाळा. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमधला उडदाच्या पापडाचा धंदा तिने स्वतः बसून उभा केला होता. बसून म्हणजे खरंच बसून. बाया गोल रिंगण करून बसायच्या, आणि रिंगणात भिकुबाईचाही एक पाट असायचा, बाकीच्यांसारखाच. मध्ये कुटलेल्या पिठाचा उंडा. एकजण दोऱ्याचं टोक दातात धरून लाट्या कापायची, बाकीच्या लाटायच्या. ज्या त्या बाईचं पोळपाट-लाटणं ज्या त्या जागेवर. संध्याकाळी पुसून भिंतीला उभं करून जायचं, सकाळी येऊन उचलायचं. जी बाई आपलं पोळपाट उचलून घरी नेते ती परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

आणि त्या रिंगणाची एक रीत होती. मालकिणीला तोंडावर कोणी काही मागायचं नाही. मागायचं ते शेजारणीला सांगायचं, खाली मान घालून, हातातल्या पापडाकडे बघत. मालकिणीच्या कानावर पडेल एवढा आवाज मात्र ठेवायचा.

रूपा बेबाबाईला म्हणायची, "बेबामावशी, पोरीले पाहाले पाव्हणा येनार शेत. मना तर जीवच थाऱ्यावर नही."

भिकुबाई वर न बघता, त्याच बेबाबाईला म्हणायची, "बेबे, काही बाया उगाच जीव जाळतात बघ. पाव्हणे येणार तर घरी राहावं माणसाने. आणि जाताना माझ्या कपाटातल्या कपबश्या घेऊन जा म्हणावं. तिच्या घरच्यांना कान राहिले नाहीत."

संपलं. रूपाला हात पसरावा लागला नाही आणि भिकुबाईचा हात वर दिसला नाही. बेबाबाई मध्ये बसून दोघींचं ऐकायची आणि आपला पापड झाला की लाटण्याने पोळपाटाच्या कडेला दोनदा टकटक करायची. तिची ती सवयच. भिकुबाईच्या उजव्या हाताला तिचा पाट होता. बेबाबाईला नवऱ्याने टाकलं तेही भिकुबाईला असंच कळलं होतं, रूपाच्या आईला ती काहीतरी दुसरंच सांगत असताना. तेव्हाही भिकुबाईने तिच्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं. नुसती आपला पाट जरा तिकडे सरकवून बसली होती.

दिपमाला जळगावची, शिकलेली. तिने धंदा वाढवला, हे भिकुबाईही नाकारत नव्हती. पापड सुरतेला जायला लागले, पुण्याला जायला लागले. माल बघायला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी रिंगण मोडून सरळ रांगा झाल्या. डोक्याला टोप्या आल्या, तोंडाला मास्क आले. आणि नाशिकहून आल्यावर ऐकण्याचा तास आला. दर मंगळवारी एकेक बाई काचेच्या केबिनमध्ये बोलावली जायची. बाया त्या दिवशी धुतलेलं पातळ नेसून, केस चापून यायच्या, बघायला पाव्हणे आल्यासारख्या. खुर्चीच्या कडेला टेकून बसायच्या.

"काम करताना काही अडचण? मोकळेपणाने सांगा."

"काय नही, वहिनी. बठ्ठं बरं शे."

"म्हणजे सगळं बरं आहे."

"हा."

त्या तासासाठीच भिकुबाईचं शेडमधलं बसणं गेलं. दिपमाला आर्जवाने म्हणाली होती, "आई, तुम्ही समोर असलात की बाया मोकळं बोलत नाहीत. थोडे दिवस वर आराम करता का? गुडघेही दुखतात तुमचे."

"मला काय पडलंय कोणाच्या बोलण्याचं," भिकुबाई म्हणाली. "आता बोलावलंस तरी येणार नाही खाली."

आणि ती जिना चढली. गुडघे ओरडत होते, पण सून बघत होती म्हणून कठड्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वेणीफणी करून ती वाट बघत बसली. आता बोलावतील. दुपारी चहा घेऊन दिपमालाच आली, तेव्हा भिकुबाईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "खाली सगळं ठीक?"

"ठीक आहे. आणि आई, काळजी करू नका, तुम्ही म्हणालात की खाली यायचं नाही, तर मी कोणालाही तुम्हाला बोलवू देणार नाही. तुमच्या शब्दाचा मान ठेवायचा."

यावर काय बोलणार? सून शब्दन् शब्द ऐकत होती.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि शेडच्या बाजूला गॅलरी. तिथून खालचा पत्रा दिसायचा. आधी भिकुबाई आजारी असली आणि वर झोपली, तरी पत्र्याखालून बायांचा गलका वर यायचा, हसणं यायचं, कोणाच्या तरी नवऱ्याचा उद्धार यायचा. आता नुसती लाटणी. एकामागून एक, पावसासारखी, माणूस नसल्यासारखी. मास्कमधून कोण काय बोलणार, आणि रांगेत पुढचीच्या पाठीला काय सांगणार?

ताट वर यायचं, रिकामं खाली जायचं. समाधान टेम्पो घेऊन धुळ्याला, जळगावला फिरायचा. रात्री जेवायला यायचा तर फोन कानाला, आणि आईकडे बघून हाताने 'जेवलीस?' अशी खूण. भिकुबाई हातानेच 'जेवले' अशी खूण करायची. दुपारी टीव्ही. टीव्हीतल्या सासवांना ती शिव्या घालायची, पण त्या आपल्याच तोऱ्यात. उलट बोलत नाहीत तर भांडणाला चव कसली?

मग उरायचा फोटो. समाधानचे वडील उंडा कुटायचे. बायांच्या हातून ते काम व्हायचं नाही. लोखंडी मुसळ उचलायचं, घालायचं, आणि भिकुबाई बाजूला बसून दिवसभराचं गाऱ्हाणं सांगायची. प्रत्येक घावाला ते "हं" म्हणायचे. तो 'हं' कुटण्याचा की ऐकण्याचा, ते तिला जन्मभर कळलं नाही. आता तसला एक 'हं' मिळाला असता तर तिने काही विचारलं नसतं.

एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. धापा टाकत बेबाबाई आली. गॅलरीच्या दाराशी फरशीवर बसली. पदराने तोंड पुसलं. बाहेर चैत्राचं ऊन असं पडलं होतं की डोळे मिटून घ्यावेत, आणि ही त्या उन्हाकडे तोंड करून बसली.

"अक्का," ती म्हणाली, "वर उजेड चांगला शे."

इतके दिवस भिकुबाई कोणीतरी वर यायची वाट बघत होती. आणि आता कोणी आलं तर तिला रागच आला. इतक्या दिवसांनी?

"आज बरी वाट सापडली. खाली माठातलं पाणी संपलं का?"

बेबाबाई हसली. "आठे बसीसन लाटाले बरं वाटी. असा उजेड."

"मग ने बांधून पदरात. घरी जाऊन लाव. आणि मला काय सांगतेस? तुमच्या वहिनीचा तास असतो ना, तिथं सांग. ती चांगलं ऐकते."

बेबाबाई उठली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिने आधी पाय फिरवून पायरी चाचपली, मग भार टाकला. म्हातारी झाली ही, असं भिकुबाईच्या मनात आलं आणि गेलं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण तोंडावर आला होता. लेकीबाळी माहेरी यायच्या, घरोघरी तळण, पापडाला उसंत नव्हती. आणि एका सकाळी भिकुबाईच्या ध्यानात आलं की लाटण्यांच्या आवाजात ती टकटक नाही. तिने कान देऊन ऐकलं. काल होती का? परवा? तिला सांगता येईना.

ती गॅलरीत गेली. रूपा नळावर हात धुत होती.

"रूपे, बेबी कुठं आहे?"

रूपाने आधी केबिनकडे बघितलं, मग वर. "लेकीकडे गयी, अक्का. चोपड्याले. घरले कुलूप शे."

"आखाजीला माय लेकीकडे जाते का लेक मायकडे येते? परत कधी?"

रूपा पदराला हात पुसत राहिली. "पोळपाट-लाटणं संगे लई गयी."

संध्याकाळी दिपमाला वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "मी विचारलं होतं तिला, आई. दोनदा. समोर बसवून. तिचे पापड फाटत होते, कडेला जाडेभरडे यायला लागले होते, पण मी त्यावर एक अक्षर बोलले नाही. नुसतं विचारलं, काही अडचण आहे का. ती म्हणाली, बठ्ठं बरं शे. मी ते परत म्हणूनसुद्धा दाखवलं."

पापड फाटत होते. बेबीचे! भिकुबाईच्या डोळ्यांपुढे तो जिना आला, पायरी चाचपणारा तो पाय आला. उन्हाकडे केलेलं तोंड आलं. वर उजेड चांगला शे. हे रिंगणात, रूपाला सांगितल्यासारखं सांगितलं असतं, तर एका शब्दात कळलं असतं आपल्याला. पण वर तिसरी कोण होती? म्हणून बिचारीने उजेडाचं नाव घेतलं, डोळ्यांचं घेतलं नाही. आणि आपण रुसव्याच्या ढिगावर बसलो होतो.

ती सांगणार होती. ओठावर आलं होतं. तेवढ्यात दिपमालाने खुर्ची ओढली, मान कलती केली आणि डोळ्यांत बघितलं. "आई, तुम्हाला काही सांगायचंय. सांगा."

त्या दोन मोठ्या डोळ्यांसमोर भिकुबाईला चोर पकडून आणल्यासारखं वाटलं.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं बरं आहे."

आणि आपल्याच तोंडून ते ऐकून ती दचकली.

"म्हणजे सगळं बरं आहे," दिपमाला म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज शिकवल्यासारखा नव्हता, दमलेला होता. ती खाली गेली. तिच्या पाठीकडे बघताना भिकुबाईला प्रथमच वाटलं की ही पोरगी जिना एकटीच चढते, एकटीच उतरते.

आखाजीच्या आधी एका दुपारी वीज गेली ती येईना. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालं, पंखे बंद, एका बाईला घेरी आली. दिपमालाने सगळ्यांना घरी पाठवलं. पण कुटलेला उंडा पडून राहिला असता तर वाळून दगड झाला असता. थोड्या वेळाने ती ओल्या फडक्यात तो उंडा बांधून, काखेत पोळपाट मारून वर आली.

"आई, खाली जीव जातोय. इथे गॅलरीत बसू का?"

"घर तुझंच आहे. बस."

ती फरशीवर बसली. दारातून उजेड येत होता तिथेच, बेबाबाई बसली होती त्या जागेवर. खुर्ची नाही, फोन खाली चार्जिंगला लावलेला राहिला, हात तेलाने माखलेले. लाट्या ती बोटाने तोडत होती, एक सुपारीएवढी, एक लिंबाएवढी. भिकुबाईने थोडा वेळ सहन केलं. मग पलंगावरून उतरली, गुडघा धरत खाली बसली, उशाच्या डब्यातून दोरा काढला, एक टोक दातात धरलं आणि लाट्या कापायला लागली. दोघींच्या माना खाली.

मग भिकुबाईने दोरा तोंडातून काढला. सुनेकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघितलं.

"ऐकलं का हो," ती फोटोला म्हणाली. "बेबीला दिसत नाही."

लाटणं क्षणभर थांबलं. आता ही मान वर करणार, भिकुबाईला वाटलं, आता म्हणणार, म्हणजे आई, तुमचं म्हणणं असं... पण लाटणं पुन्हा फिरायला लागलं.

"हं," दिपमाला म्हणाली.

"मोतीबिंदू असेल. वर आली होती माझ्याकडे. इथं उजेडात बसून लाटू दे, असं मागत होती. आता तोंड उघडून मागेल ती बेबी कसली? आणि मी म्हटलं, पदरात बांधून ने उजेड."

"हं."

"माझ्या उजव्या हाताला बसायची. आता तिथं रांग आहे."

लाटणं फिरत होतं. भिकुबाईने एक लाटी कापली, दुसरी कापली. हात थांबवला असता तर पुढचं निघालं नसतं.

"आणि या पोरीला मी म्हटलं, येणार नाही खाली. तर हिने ऐकलं हो ते. तुम्ही ऐकलं असतं का? मी टीव्हीशी भांडते इथं. पोरगा येतो, हाताने विचारतो जेवलीस का. मुकी झाले मी तुमच्या माघारी. माझ्या तोंडाला कोण घाबरायचं नाही पारोळ्यात, आणि दिवस दिवस तोंड उघडायला माणूस नाही."

या वेळी 'हं' आला नाही. भिकुबाई खाली बघत राहिली. बोलून चुकले असं तिला वाटलं. जीभ चावावीशी वाटली.

"आबा," दिपमाला म्हणाली.

सासऱ्याला तिने बघितलंही नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून तो फोटोच. मान खाली ठेवून, पापडाच्या कडेवर लाटणं फिरवत ती म्हणाली, "आबा, आईंना सांगा, त्यांचा पाट मी हलवलेला नाही. रांगा केल्या तेव्हाही नाही. कोपऱ्यात आहे, रोज पुसते. बोलवायचं होतं. पण बोलावलं तर म्हणतील, वर पाठवलंस आणि आता गरज पडली. म्हणून त्या म्हणाल्या तेच खरं धरलं."

ती थांबली. पापड फाटला होता. तिने तो गोळा करून पुन्हा लाटी केली.

"आणि आबा, मला या घरात कोणी काहीच सांगत नाही. हे फोनवर. मी शेडमध्ये पाय टाकला की बाया गप्प. आई तुमच्याशी बोलतात, माझ्याशी नाही. म्हणून तर गेले ना मी नाशिकला शिकायला. मला वाटलं, नीट ऐकलं तर कोणी काही सांगेल."

गॅलरीत एक चिमणी येऊन गेली. खाली रस्त्यावरून धुळ्याकडे जाणारी गाडी गेली, तिचा आवाज लांबपर्यंत येत राहिला.

"हं," भिकुबाई म्हणाली.

दोघी लाटत राहिल्या, कापत राहिल्या. उंडा संपत आला तेव्हा वीज आली. पंखा फिरला, टीव्ही आपोआप बोलायला लागला. भिकुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि तो बंद केला.

"समाधानला सांग, उद्या टेम्पो धुळ्याला नाही जाणार. चोपड्याला जायचं."

"आधी फोन करू का बेबामावशींना?"

"फोनवर ती बठ्ठं बरं शे म्हणेल. आणि तिथं गेल्यावर तू तिला एक अक्षर विचारायचं नाही. समोर खुर्ची घेऊन तर अजिबात बसायचं नाही. मी तिच्या लेकीशी बोलेन, की आमच्या गॅलरीत एक पाट रिकामा पडलाय, उजेडाला. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटीला जायला मला भीती वाटते, सोबत हवी. बेबी चुलीपाशी बसून ऐकेल."

"आणि नाही म्हणाली तर?"

पोळपाट उचलून गेलेली बाई परत आल्याचं भिकुबाईने आजवर बघितलं नव्हतं. ती दारातल्या उजेडाकडे बघत राहिली. तो आता फरशीवरून सरकून भिंतीला लागला होता.

मग ती वाकली. दिपमालाने लाटलेल्या पापडांतला एक उचलला, दोन बोटांत धरून उजेडासमोर केला. मध्ये आरपार, कडेला भाकरीसारखा जाड, एका बाजूला भोक. तिने तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि इतक्या दिवसांत प्रथमच फोटोकडे न बघता सुनेच्या तोंडाकडे बघितलं.

"दिपमाला," ती म्हणाली, "पापड तुला या जन्मात जमायचा नाही. बसायला मात्र येतं तुला. आता माझ्या शेजारी बसत जा."